मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढलं? तिसरी-चौथीच्या विज्ञानाबद्दल मदत हवी

खाडीवरची बाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, लिहायला आज पहिल्यांदा बसले.

जयगडच्या खाडीने आत आठ-दहा किलोमीटर आलात की दोन्ही काठांना वाड्या लागतात. त्यातल्याच एका वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी आहे. दोनशिक्षकी शाळा, पट सतरा. पहिली-दुसरी सर घेतात, तिसरी-चौथीची नऊ पोरं माझ्याकडे. मी मराठी घेऊन बी.ए. केलं, मग डी.एड. दहावीनंतर विज्ञान सुटलं ते सुटलंच.

गेल्या आठवड्यात हवा शिकवत होते. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. मी डी.एड.ला पाठ केलेलं घडाघडा सांगितलं: ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, हवेत तो एक पंचमांश असतो, तो संपला म्हणून तेवढी जागा पाण्याने घेतली. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. चौथीतला एकजण मात्र लिहीत नव्हता. याचा बाप होडीवर जातो, पोरगा एरवी तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "बाई, पाणी तर मेणबत्ती विझल्यावर चढलं. ऑक्सिजन पेटलेली असताना संपत होता ना? मग तेव्हा का नाही चढलं?"

मी म्हटलं, "असंच असतं ते. बस खाली."

तो बसला. बाकीची आठ हसली. संध्याकाळी घरी मी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा पोरगा खरा निघाला. ज्योत असताना पाणी जेमतेम हलतं, ती विझली की सरसर चढतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू.

तर एक, याचं उत्तर काय? आणि दुसरं जरा मोठं. शाळेत कधीकाळी आलेली साहित्यपेटी आहे. त्यातल्या चुंबकाला टाचणीसुद्धा चिकटत नाही, भिंगाला तडा गेलाय, आणि परीक्षानळ्यांना मीच घाबरते. दारात खाडी आहे, मागे सडा (कातळाचं पठार) आहे, पण त्याचं वर्गात करायचं काय ते सुचत नाही. कोणी केलं असेल तर सांगा. यादी नको, याद्या पुष्कळ मिळतात.


चिऱ्याची भिंत

बाई, पोरगा बरोबर आहे. चुकीचं आपण पाठ केलं. मीही तेवीस वर्षं तेच सांगत होतो, आणि मी तर बी.एस्सी.

ग्लास उपडा घालता तेव्हा ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते. थोडी कडेने निसटते. डोळे ताटलीशी नेऊन बघा, बुडबुडे दिसतील. ज्योत विझली की आतली हवा निवते, आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत रेटतो. म्हणून पाणी नंतर चढतं. ऑक्सिजन जळतो हे खरं, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. शिवाय सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच ज्योत मान टाकते. तेव्हा "एक पंचमांश" हा आकडा इथे बसतो तो योगायोगाने, तोही कधी बसतो, कधी नाही.

पण हे उत्तर वर्गात नेऊन वाचू नका. तोच ग्लास घ्या आणि एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच आहे. आधी विचारा, पाणी तेवढंच चढेल, कमी चढेल की जास्त? हात वर करून घ्या, आकडे फळ्यावर लिहा, आणि मगच काडी ओढा. हात वर करणं फार महत्त्वाचं. ज्याने हात वर केला त्याचा जीव त्या ग्लासात अडकतो. नाहीतर पोरं प्रयोग बघतात तशी दशावतारातला राक्षसही बघतात.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत जरा आडमुठं आहे. साहित्यपेटी बंद राहू द्या. आपण "प्रयोग करून दाखवतो" तेव्हा उत्तर आपल्या खिशात असतं, आणि पोरांना ते पक्कं ठाऊक असतं. मग ती ग्लासाकडे बघत नाहीत, बाईंच्या तोंडाकडे बघतात. बाईंना काय हवंय ते ओळखलं की सुटलो. म्हणून ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही असा एक प्रश्न घ्या. एकच. आणि महिनाभर त्याच्याच मागे लागा.

तुमच्या दारात भरती-ओहोटी आहे. वाडीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा भरती कधी, तो बोटं मोजून सांगेल: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकतोय, पण खरंच तसं होतं का हे घड्याळ लावून किती जणांनी बघितलं? मी नव्हतं बघितलं. तुम्ही बघितलंय?

एक लांब बांबू धक्क्याला उभा बांधा. त्यावर खुणा करायच्या आहेत, पण पहिल्या दिवशी पट्टी देऊ नका. विती मोजू द्या. आमच्या शाळेत हेच केलं तेव्हा एकाचं पाणी नऊ विती भरलं आणि दुसरीचं अकरा, एकाच बांबूवर, एकाच वेळी. अशी जुंपली की मला वर्गाचं दार लावून घ्यावं लागलं. शेवटी पोरांनीच ठरवलं की एकाच कोणाची तरी वीत धरायची. मग तो एक जण तापाने आजारी पडला आणि भरती मोजणं बंद! वीत घरी झोपलेली. चौथ्या दिवशी पोरं आपणहून पट्टी मागायला आली. "प्रमाणित एकक" हा शब्द मी आधी दहा वर्षं फळ्यावर लिहीत होतो, त्याचा अर्थ त्यांना त्या तापाने कळला.

मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली सोळा शाळांतून असंच काहीसं सुरू झालं होतं. पुस्तकात उत्तरं नाहीत, नुसते प्रयोग आणि प्रश्न, उत्तर पोराच्या वहीत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायला परवानगी. तीस वर्षं चाललं आणि २००२ मध्ये सरकारने बंद केलं. ते सहावी ते आठवीसाठी होतं, तरी धाकट्यांनाही चालतं असा माझा अनुभव. आपल्याकडे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून काय काय उभं केलं ते बघून ठेवा. ते मात्र तुमच्यासाठी, पोरांसाठी खाडी पुरे.


बोटीवरचो

बायनू, माका विज्ञान काय कळणा नाय, पण सुकती (ओहोटी) कळता. म्हणान लिवतंय.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. पोरांना पाण्यावर न्यायचं तर पाणी उतरत असताना न्या, चढत असताना नाही. चढतं पाणी मागून येतं, कळत नाही. धक्क्याच्या दगडांवर कालवं असतात, अनवाणी पाय ठेवलात तर ब्लेडसारखं कापतं, चपला हव्यातच. चिखलात उतरायची पाळी आलीच तर पाय उचलून टाकू नये, घासत न्यावा. खाली पाकट मासळी बसलेली असली तर घासण्याने ती पळते, वर पाय पडला तर काटा मारते. आणि शंख हलताना दिसला तर हात लावायचा नाही, काही शंखांचा डंख विषारी असतो. एक मोठं माणूस पोरांकडे बघायला, दुसरं पाण्याकडे बघायला. दोन्ही कामं एकटीने करू नका, तुमच्या सरांना घ्या.

मास्तरांचो हिशोब बंदरावर बरोबर येता. आत खाडीत काय होता ता मी सांगणंय नाय. बघूं देत पोरांका.


केंद्रशाळा

वाचायला छान वाटतं सगळं. मी केंद्रप्रमुख म्हणून अकरा शाळा बघतो, म्हणून थोडं कडू बोलतो.

सरकारच्या निपुण अभियानाच्या चाचण्या आहेत. तिसरीतल्या पोराला परिच्छेद वाचता आला पाहिजे, हातच्याची वजाबाकी आली पाहिजे. माझ्याकडे आकडे मागतात ते याचे, भरतीचे नाही. पालक विचारतात, स्कॉलरशिपची पुस्तकं कधी सुरू करणार. त्यात दोनशिक्षकी शाळेत एक जण ट्रेनिंगला गेला की दुसऱ्याकडे चारही वर्ग. अशा शाळेतल्या बाईंनी महिनाभर बांबूकडे बघायचं? आणि पाण्याजवळ काही झालं तर उत्तर कोण देणार? वरच्या गुरुजींचा काळ वेगळा होता.

विज्ञान करू नका असं म्हणत नाही. वर्गात, टेबलावर, पंधरा मिनिटांत होईल असं करा.


डोंबिवलीची चाकरमानीण

बाई, मी शिक्षिका नाही, नुसती आई. पण तुमच्या त्या पोराबद्दल वाचून लिहावंसं वाटलं.

माझ्या धाकटीने (दुसरी) सुट्टीत देवगडला आजीकडे फ्रॉकवर हळदीची आमटी सांडली. आजीने साबण लावला तर डाग लालभडक. पोरगी रडायला लागली, तिला वाटलं रक्त आलं. आजी म्हणाली, "अगं, कुंकू असंच करतात, हळदीत चुना घालून." मग दोन दिवस त्या घरात हळदीपासून काही सुटलं नाही. कागदाला हळद फासून पट्ट्या केल्या आणि साबण, लिंबू, खायचा सोडा, ताक, चुना, राख, जे हाती येईल ते थेंबथेंब टाकलं. साबण, चुना, राखेचं पाणी लाल करतात, लिंबू-ताक काही करत नाहीत. मग तिला सुचलं की लाल झालेल्यावर लिंबू पिळून बघू. परत पिवळा! हे मला माहीत नव्हतं. गोकर्णाची निळी फुलंही कुस्करली, तिथे लिंबाने जांभळा-गुलाबी रंग येतो. केंद्रशाळावाल्या सरांचं पंधरा मिनिटांचं टेबल याला पुरेल. आजीचा ओटा मात्र आठवडाभर पिवळा होता.

त्याच सुट्टीत विजयदुर्गला गेलो होतो. हेलियमचा शोध तिथे लागला म्हणतात ना, ते साहेबांचे ओटे बघायला. मुलांना अशा जागा दाखवल्या तर गोडी लागते असं मला वाटतं.


चिऱ्याची भिंत

चाकरमानीणबाई, लालचा परत पिवळा करून बघणारी पोरगी जपा.

विजयदुर्गचं मात्र थोडं तपासून घ्या. मीही सहली नेल्यात आणि तेच सांगितलंय, म्हणून म्हणतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. ते ओटे ज्याच्या नावाने सांगतात तो इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर तेव्हा भारतात नव्हता. त्याने सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून बघितली, ग्रहणाशिवाय. विजयदुर्गला तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, मोठा लवाजमा घेऊन, आणि तोवर रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाने पृथ्वीवरच हेलियम मिळवून तीन वर्षं झाली होती. म्हणजे ओट्यांची गोष्ट खोटी नाही, साल सरकलंय. किल्ल्यावर पोरांना नेलंत तर हे कोडंच घाला, गोडी कमी होत नाही.

केंद्रशाळा सर, पाण्याजवळच्या जबाबदारीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पालकांची लेखी परवानगी आणि बोटीवाल्यांनी सांगितलेलं सगळं, त्याशिवाय जाऊच नये. बाकीचं मान्य नाही. पण मी वाद घालत नाही, बाईंना करून बघू दे.


खाडीवरची बाई

पाच आठवड्यांनी येतेय, माफ करा. मधे खरंच सर ट्रेनिंगला गेले आणि चारही वर्ग माझ्याकडे आले. केंद्रशाळा सर, तुमची आठवण काढली.

आधी मेणबत्ती. वर्गात सांगितलं की मागे मी चुकीचं सांगितलं होतं आणि त्या होडीवाल्याच्या पोराचा प्रश्न बरोबर होता. एकदम शांतता. मग एकीने विचारलं, "मग वहीतलं खोडायचं?" म्हटलं खोडू नका, खाली आजची तारीख घालून नवीन लिहा. तीन मेणबत्त्यांना "तेवढंच चढेल" म्हणणारे सात हात होते, "जास्त" म्हणणारे दोन. पाणी जवळजवळ दुप्पट चढलं. दोघांतला एक तोच होडीवाल्याचा. कारण विचारलं तर म्हणाला, "तीन चुली पेटवल्या तर स्वयंपाकघर जास्त तापतं." मला यापुढे काही शिकवायचं उरलंच नाही.

आता बांबू. सरपंचांकडून मिळाला, पालकांच्या सह्या घेतल्या, एका पोराचे आजोबा रोज पाण्याकडे बघायला येऊन बसतात. चतुर्थीला सुरुवात केली. गणिताने भरती तीनला. पोरं पावणेतीनपासून धक्क्यावर. तीन वाजले, पाणी चढतंच आहे. सव्वातीन, चढतंच आहे. तीन पस्तीसला थांबलं. पंचमीला पावणेचारच्या जागी चार पंचवीस. षष्ठीला साडेचारच्या जागी पाच दहा, शाळा सुटली तरी कोणी हललं नाही. पोरांनी निकाल दिला: आजोबांचा नियम चूक. आजोबा भयंकर चिडले. "सत्तर वर्षं याच नियमावर होडी काढतोय" म्हणाले.

तिसरीतल्या एकीची आत्या खाडीच्या तोंडाशी राहते. सप्तमीला तिला माझ्या मोबाइलवरून फोन लावला. "आत्या, तुझ्याकडे पाणी फिरलं का गं?" आत्या म्हणाली, "फिरून अर्धा तास झाला की." आमच्याकडे अजून चढत होतं! पोरांची तोंडं बघायला हवी होती. मग फळ्यावर खाडी काढली आणि त्यांनीच सांगितलं, पाणी समुद्रातून चालत येतं, त्याला इथवर यायला वेळ लागतो. आजोबांनाही मग आठवलं की होडी काढताना ते "थोडं थांबतात". नियम बंदराचा होता, ते थांबणं आमच्या वाडीचं. बोटीवाल्या भाऊ, तुम्हाला हे माहीत होतं आणि सांगितलं नाहीत, आभार.

वितींवरून भांडण झालं. ते लिहीत नाही, गुरुजींनी लिहिलंय तसंच झालं, फक्त आमची वीत आजारी न पडता मामाच्या लग्नाला गेली.

केंद्रशाळा सर, हे खास तुमच्यासाठी. पाऊणपट करायला पाऊणकी लागते. आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी तिन्ही पाठ आहेत, त्यांनी धक्क्यावर बसून शिकवली. माझी तिसरीची पोरं आता "पंधरा पाऊण सव्वाअकरा" म्हणतात. आणि त्यावरून मुलींपैकी एकीने असं विचारलं की मी पुन्हा अडकले: "रोज भरती पाऊण तास पुढे जाते. पौर्णिमेला सव्वाअकरा. मग दुसऱ्या दिवशी बारा यायला पाहिजे. पण प्रतिपदेला एक गुणिले पाऊण म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तास कशी उडी मारली?" या वेळी "बस खाली" म्हटलं नाही. "मला माहीत नाही, बघू" म्हटलं, आणि रात्री बसून मांडलं. बारा तास म्हणजे ७२० मिनिटं, भागिले पंधरा तिथी: तिथीला ४८ मिनिटं. नियम ४५ धरतो, तोंडी हिशोब सोपा व्हावा म्हणून. दर तिथीला तीन मिनिटं मागे पडतात, पंधरा तिथींत पाऊण तास, तो शेवटी एकदम भरून काढावा लागतो. भागाकार पोरांनीच केला, मी खडू धरून उभी.

सगळं जमलं असं नाही. तिघांच्या वहीत अजून नुसते आकडे आहेत, वाक्य एकही नाही. एका पालकाने विचारलं, पोराला मच्छीमारच करायचंय का. त्याला मी काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. आणि अष्टमीच्या आसपास पाणी कमी का चढतं आणि पौर्णिमेच्या सुमाराला उधाण का येतं, यावर वर्गात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो चंद्र मोठा होतो म्हणून. दुसरा म्हणतो, मग अमावास्येला का येतं, तेव्हा तर चंद्र दिसतच नाही. कारण इथे कोणी लिहू नका प्लीज, मीही मुद्दाम शोधलेलं नाही.

त्याच उधाणाने आमचा बांबू नेला. काथ्याने बांधला होता, गाठ सुटली असावी. आता नायलॉनची दोरी आणली आहे. बुंध्याशी हात पोचायला सुकती हवी, म्हणून पोरांनी एकादशी काढली: भरती सव्वाआठला, सुकती सहा तासांनी सव्वादोनला, "आणि आपल्याकडे पावणेतीनच्या पुढे, बाई." दोघांना उपास आहे. येताना राजगिऱ्याचे लाडू आणणार आहेत, नऊ.